डाग गेला, जागा उरली

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात नंबोर नावाचं गाव आहे. उसाचं गाव. २००३ साली बंद पडेपर्यंत तिथला साखर कारखाना ऐन वस्तीत होता आणि ऊस भरलेल्या चिमुकल्या आगगाड्या भर रस्त्यातून जायच्या. आपल्या नगर-कोल्हापूरकडच्या माणसाला हे सारं ओळखीचं वाटेल. अनोळखी वाटेल ती तिथल्या बहुसंख्य लोकांची कातडी. ती इंग्लंड-आयर्लंडच्या ढगाळ आभाळाखाली घडलेली, आणि दोनेक शतकांपूर्वी एकदम रणरणत्या उन्हात येऊन पडलेली.

या गावातल्या सोळाशेहून अधिक प्रौढांवर १९९२ ते १९९६ या काळात सनस्क्रीनचा एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांनी रोज लावायचं, निम्म्यांनी आपल्या मर्जीप्रमाणे. मूळ प्रश्न कातडीच्या कर्करोगाचा होता. पण संशोधकांनी जाता जाता आणखी एक काम केलं. लोकांच्या हाताच्या पाठीवर सिलिकॉन लावून त्यांनी कातडीचे ठसे घेतले. सोनार साचा घेतो तसे. तरुण कातडीच्या ठशात बारीक रेघांची नेटकी जाळी उमटते, आणि उन्हाने जून झालेल्या कातडीत ती जाळी पुसट होऊन जाड, एकाच दिशेने जाणाऱ्या रेघा उरतात. पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांचे ठसे साडेचार वर्षांच्या अंतराने ताडून पाहिले तेव्हा रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी इतरांपेक्षा २४ टक्के कमी जून झालेली निघाली. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

कर्करोगाचा प्रयोग आणि सुरकुत्यांचं मोजमाप एकाच गावात, एकाच माणसांवर झालं. ऊन एकच आहे. ते पेशींच्या डीएनएतही बिघाड करतं आणि चेहऱ्यावरही लिहून ठेवतं. त्यामुळे या बिघाडावरचा उपचार कसाही केला, तरी तो चेहऱ्यावर काहीतरी खोडतो किंवा नवं लिहितो. या प्रकरणाचा विषय तोच आहे.

डॉक्टर ज्याला ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात तो डाग ऑस्ट्रेलियात 'सनस्पॉट' या घरगुती नावाने ओळखला जातो. आपण त्याला ऊनडाग म्हणू. कपाळ, टक्कल, कानाची वरची कड, नाक, हाताची पाठ, म्हणजे जिथे ऊन सरळ पडतं तिथे तो येतो. तो आधी डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. दाढी करताना गालावर पॉलिश पेपरचा तुकडा चिकटल्यासारखं खरखरीत लागतं. खपली नखाने काढली तर निघते आणि आठवड्याभरात पुन्हा तिथेच हजर. खालच्या पेशी मूळ शिस्त विसरून वेड्यावाकड्या वाढू लागलेल्या असतात, पण अजून आपल्या थरातच असतात. थर ओलांडून खाली उतरल्या की त्याला कर्करोग म्हणतात.

उतरतात किती? व्हिक्टोरिया राज्यातल्या मेरीबरो गावी १,६८९ लोकांची तपासणी करून १९८८ मध्ये हिशेब मांडला गेला. एका डागाचा वर्षभरात कर्करोग होण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. शिवाय चौथा हिस्सा डाग तर वर्षभरात आपोआप नाहीसे होतात, असंही दिसलं आहे. अर्थात हे आकडे एका डागाचे आहेत. ज्याच्या टकलावर वीस-पंचवीस डाग आहेत आणि अजून वीस वर्षं जगायचं आहे त्याचा हिशेब वेगळा. तरीही इथेच या आजाराची सगळी पंचाईत आहे. जीवघेणा रोग असता तर व्रण राहील का, रंग जाईल का, असं कुणी विचारलं नसतं. पण जे बहुधा कधीच कर्करोग होणार नाही ते काढण्यासाठी कपाळावर कायमची खूण का घ्यायची, हा प्रश्न रोग्याच्या मनात येतोच, आणि तो नखरा नव्हे. तो अगदी व्यवहारी प्रश्न आहे.

सगळ्यात जुना आणि आजही सर्वाधिक चालणारा उपाय म्हणजे गोठवणं. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो. तो थर्मासच्या जातीच्या छोट्या बाटलीत भरलेला असतो, बाटलीला बारीक तोटी. डॉक्टर तोटी डागाजवळ नेतात, फुस्स आवाज होतो आणि डागावर पांढऱ्या हिमाचं रुपयाएवढं किंवा त्याहून लहान वर्तुळ जमतं. मग डॉक्टर मनातल्या मनात सेकंद मोजतात. आधी गार लागतं, मग मधमाशी चावल्यासारखं झोंबतं. दुसऱ्या दिवशी फोड, मग खपली, दोन-तीन आठवड्यांत खपली गळते. एका भेटीत काम संपतं, घरी काही लावायचं नाही, लोकांना फारसं कळतही नाही. शेतावर, दुकानावर परत जायची घाई असलेल्या माणसाला याहून सोयीचं काही नाही.

आता ते सेकंद. ऑस्ट्रेलियातल्या काही दवाखान्यांत ९० रोग्यांच्या ४२१ डागांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डाग किती वेळ गोठवला याची काटेकोर नोंद ठेवली होती. पाच सेकंदांपेक्षा कमी गोठवलेल्या डागांपैकी ३९ टक्के गेले. पाचपेक्षा जास्त सेकंद दिले तेव्हा ६९ टक्के. वीसपेक्षा जास्त दिले तेव्हा ८३ टक्के. म्हणजे हात सैल सोडावा तितका गुण जास्त. मग सगळेच डॉक्टर वीस सेकंद का देत नाहीत?

कारण कातडीतल्या सगळ्या पेशी सारख्याच चिवट नसतात. कातडीचा मुख्य थर ज्यांचा बनतो त्या पेशी मरायला उणे वीस-तीस अंश लागतात. रंग बनवणाऱ्या पेशी मात्र फार नाजूक, उणे चार ते सात अंशांतच त्या दगावतात. डाग मारायला जेवढी थंडी लागते त्याच्या किती तरी आधी त्या जागेचा रंग मेलेला असतो. वरून नवी कातडी येते, गुळगुळीत येते, पण पांढरी येते. त्या ४२१ डागांच्या अभ्यासात बऱ्या झालेल्या डागांपैकी २९ टक्के ठिकाणी रंग उतरलेला होता. क्वीन्सलँडच्या म्हाताऱ्यांचे हात पाहिले तर हे सहज दिसतं. तांबूस, ठिपकेदार कातडीवर खडूने टेकवल्यासारखे पांढरे गोल, प्रत्येक गोल म्हणजे दवाखान्याची एक फेरी.

आणि तरीही त्याच अभ्यासात दिसण्याचा निकाल 'चांगला ते उत्तम' असलेले डाग होते ९४ टक्के! हे वाचून मी पहिल्यांदा थबकलो. २९ टक्के ठिकाणी रंग गेला आणि ९४ टक्के ठिकाणी दिसणं चांगलं, हे दोन्ही एकत्र कसं बसतं? दिसण्याची परीक्षा घेण्याची रीत कळली की बसतं. या परीक्षेत बहुधा चारच श्रेणी असतात: उत्तम, चांगला, बरा, वाईट. आधीच ठिपक्यांनी भरलेल्या गोऱ्या कातडीवर हलकासा पांढुरका गोल हा 'चांगला' या श्रेणीत सहज जातो. शिवाय हे गुण फक्त पूर्ण गेलेल्या डागांना दिलेले होते. जो डाग गेलाच नाही तो या परीक्षेला बसलाच नाही. नापास मुलांना वगळून शाळेचा निकाल काढावा तसं. यात लबाडी नाही, अभ्यासात ते उघड लिहिलेलं आहे. पण 'चांगला दिसेल' या शब्दांत कुणाच्या नजरेने, कोणत्या कातडीवर आणि कशाच्या तुलनेत, हे तीन प्रश्न दडलेले असतात, एवढं ध्यानात ठेवायला हवं.

आता दुसरी तऱ्हा. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर आणि सहकाऱ्यांनी फ्लुओरोयुरॅसिल हे कर्करोगावरचं औषध तयार केलं. पेशीला नवा डीएनए बांधायला जो माल लागतो त्याची नक्कल करून ते पेशीला फसवतं. ते शिरेतून दिलं जायचं, पोटातल्या कर्करोगासाठी. देता देता डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही रोग्यांच्या चेहऱ्यावरचे ऊनडाग लालभडक होतात आणि मग गळून पडतात. आजूबाजूच्या कातडीला काही होत नाही. ही नोंद १९६२ ची. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याचं मलम करून थेट डागांवर लावलं गेलं.

हे मलम लावणाऱ्याचा चेहरा जवळून पाहू. पहिले तीन-चार दिवस काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं, आपल्याला लागू पडलं नाही. मग गुलाबी ठिपके उठतात. जिथे डाग होता तिथे उठतातच, पण जिथे काहीही दिसत नव्हतं तिथेही उठतात. दुसऱ्या आठवड्यात ते लाल, ओलसर होतात, आग होते, घामाने चरचरतं. तिसऱ्या आठवड्यात कपाळभर खपल्या. उशीला चिकटतात. घरची नातवंडं जवळ यायला कचरतात, दुकानदार नजर चुकवतो, बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते. मलमाचं बोट डोळ्याला लागता कामा नये, हात धुवायचे, आणि घरात कुत्रा असेल तर ट्यूब कपाटात बंद ठेवायची, कारण ती चावून कुत्रे दगावल्याच्या घटना आहेत. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला मलम थांबतं. त्यानंतर पंधरा दिवसांत खपल्या जातात. गुलाबीपणा आणखी काही आठवडे रेंगाळतो.

आणि मग आरशात जो चेहरा दिसतो तो बहुतेकदा उपचाराआधीच्या चेहऱ्यापेक्षा चांगला असतो. मिशिगन विद्यापीठात २१ स्वयंसेवकांवर, वय ५६ ते ८५, याचा सूक्ष्म अभ्यास होऊन २००९ मध्ये निकाल आला. दोनच आठवडे मलम लावलं होतं. सरासरी साडेअकरा डागांवरून संख्या दीडवर आली हे झालंच, पण बारीक सुरकुत्या, खरखरीतपणा, रंगाचे चट्टे हेही कमी झाले. कातडीचे तुकडे तपासले तर खाली नवं कोलॅजन बनत असल्याच्या खुणा दिसल्या. लेझरने चेहरा 'नवा' करून घेताना कातडीला मुद्दाम जखम करतात आणि ती भरताना नवा थर येतो, तोच खेळ या मलमाने घडवला होता. बहुतेकांनी पुन्हा हा उपचार घ्यायची तयारी दाखवली. म्हणजे उपचार चालू असताना सर्वात भेसूर दिसणारं औषध शेवटी चेहरा सुधारून जातं, आणि ज्याचा कुणाला पत्ता लागत नाही ती बाटली पांढरा ठिपका ठेवून जाते. उपचार निवडताना लोक चार आठवड्यांकडे पाहतात. चार वर्षांकडे पाहावं असं माझं मत आहे.

ज्या ठिकाणी काही दिसत नव्हतं तिथेही लाली उठते, त्याचा अर्थ काय? उन्हाने एकटा डाग बिघडलेला नसतो, सगळं वावर बिघडलेलं असतं. दिसतं ते फक्त उगवून आलेलं तण. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये निरोगी दिसणाऱ्या पापणीच्या कातडीचे बारीक तुकडे तपासले, तेव्हा कर्करोगाकडे नेणारे डीएनएतले बदल त्यात भरपूर आढळले. ही कातडी मिळाली कुठून? लोंबणाऱ्या पापण्या सौंदर्यासाठी कापून घेतात त्या शस्त्रक्रियेतून. एरवी ती कचऱ्यात गेली असती. मलम वावरभर काम करतं, बाटली एकेका तणावर. अमेरिकेत ९३२ माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीत मलमाच्या एकाच फेरीनंतर पहिल्या वर्षभरात शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या स्क्वॅमस जातीच्या, म्हणजे ऊनडागांतून होणाऱ्या, कर्करोगाचं प्रमाण ७५ टक्क्यांनी घटलं होतं. वर्ष उलटल्यावर मात्र तो फरक राहिला नाही.

वाचकाला वाटेल, प्रश्न सुटला. तसं नाही. २००७ मध्ये जर्मनीत ७५ रोग्यांवर गोठवणं, फ्लुओरोयुरॅसिल आणि इमिक्विमॉड या तिघांची तुलना झाली. इमिक्विमॉड हे पेशी स्वतः मारत नाही, शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला त्या जागी चेतवतं. या तुलनेत 'उत्तम' दिसण्याचा शेरा इमिक्विमॉडला ८१ टक्के रोग्यांत, आणि बाकी दोघांना फक्त ४-४ टक्क्यांत मिळाला. मिशिगनच्या निकालाशी हे कसं जुळवायचं? पुरतं जुळत नाही. त्यात २०१९ मध्ये नेदरलँड्समधून ६२४ रोग्यांचा मोठा अभ्यास आला. वर्षाअखेर फ्लुओरोयुरॅसिल ७४.७ टक्के रोग्यांत यशस्वी, इमिक्विमॉड ५३.९, प्रकाशोपचार ३७.७ आणि इंजेनॉल नावाचं जेल २८.९. दिसण्यात चारही गटांतले बहुसंख्य रोगी चांगल्या श्रेणीत होते. छोट्या अभ्यासापेक्षा मोठ्यावर भरवसा ठेवावा या साध्या नियमाने मी डच निकालाच्या बाजूने कौल देतो.

वर उल्लेख आलेला प्रकाशोपचार दिसण्याच्या परीक्षेत नेहमी वरच्या बाकावर बसतो. त्याची गोष्ट म्युनिकमध्ये सुरू होते. ऑस्कर राब हा वैद्यकीचा विद्यार्थी पॅरामेशियम या सूक्ष्मजीवांवर ॲक्रिडीन रंगाचा परिणाम पाहत होता. एकाच रंगात ते कधी पटकन मरत, कधी जगत. फरक उजेडाचा होता. हे १९०० मध्ये छापून आलं. पुढे १९१२ मध्ये फ्रीड्रिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने रक्तातल्या लाल रंगद्रव्यापासून केलेलं हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं आणि उन्हात गेला. त्याचा चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजला. विज्ञानासाठी चेहरा पणाला लावणाऱ्यांत त्याचं नाव आधी घ्यावं लागेल.

आज अंगभर टोचत नाहीत. डागावर असं मलम लावतात की बिघडलेल्या पेशी त्यापासून स्वतःच पॉर्फिरिन बनवतात. मग लाल दिवा टाकला की त्याच पेशी जळतात. जळतात हा शब्द शब्दशः घ्यावा, कारण दिव्याखालची वेदना अनेकांना असह्य होते. कातडीचा सांगाडा आणि रंगपेशी मात्र बऱ्याच अंशी वाचतात, म्हणून खूण राहत नाही. डेन्मार्कमध्ये यावर तोड काढली: मलम लावून दोन तास बाहेर बागेत बसायचं. दिव्याची जागा दिवसाच्या उजेडाने घेतली, हळूहळू काम झालं, दुखणं जवळजवळ गेलं. आधी सनस्क्रीन मात्र लावायचं, कारण अतिनील किरण अडवायचे आहेत, दिसणारा उजेड नाही. गुण कमी मिळाला तरी चालेल पण चेहरा बिघडू नये, असं ज्याचं म्हणणं आहे त्याने याचा विचार करावा.

इंजेनॉलची कथा आपल्या मनाजवळची आहे. शेर, थोर, पानचेटी ही सगळी चिकाची मंडळी, यूफॉर्बिया कुळातली. आपल्याकडे चामखिळीवर चीक लावायची चाल आहे. ऑस्ट्रेलियात याच कुळातलं एक तण घरोघरी ऊनडागांवर लावलं जायचं. त्या चिकातलं द्रव्य वेगळं काढून जेल झालं. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन-तीन दिवस लावायचं, खपली लवकर जायची, चेहरा छान व्हायचा. पण दिसण्यावर खूश असलेल्या रोग्यांच्या त्याच जागी पुढे कर्करोग जास्त आढळू लागले आणि २०२० मध्ये युरोपातून औषध मागे घेतलं गेलं. कातडी वरून देखणी झाली म्हणजे आतून निवळली असं नाही, याचा इतका ढळढळीत दाखला दुसरा मिळणार नाही. त्याच वर्षाअखेर टिरबॅनिब्युलिन नावाचं पाच दिवसांचं मलम अमेरिकेत आलं. त्याचं कौतुक बरंच चाललं आहे.

आता आपल्याकडे. सावळ्या कातडीला हे डाग क्वचित होतात, मेलॅनिन हे रंगद्रव्य तिला जन्मतः छत्री देतं. अपवाद म्हणजे जन्मापासून रंगद्रव्यच नसलेली, वर्णहीनता असलेली माणसं. त्यांना ऊनडाग आणि कर्करोग ऐन तरुणपणी होऊ शकतात. गोठवण्याच्या पांढऱ्या ठिपक्याची त्यांना फिकीर नसते, कारण जायला रंगच नाही. त्यांना हवी पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी आणि वरचेवर तपासणी.

मात्र गोठवण्याची ती बाटली आपल्या गावोगावच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे आहे, चामखिळीसाठी. गोऱ्या गालावर जो ठिपका 'चांगला' या श्रेणीत गेला असता तोच सावळ्या गालावर ठळक दिसतो, कधी भोवती काळी कडही धरतो. लोक कोड म्हणून मोकळे होतात, आणि आपल्या समाजात त्या शब्दाने काय काय अडतं हे सांगायला नको. तेव्हा चेहऱ्यावरची चामखीळ गोठवायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा: किती सेकंद देणार, रंग जाईल का, दुसरा मार्ग आहे का. मुलांच्या चामखिळी तर बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपणहून जातात. आणि कुठलाही डाग जाड होत असेल, दाबल्यावर दुखत असेल, रक्त येत असेल, तर दिसण्याची चर्चा बाजूला ठेवून आधी तुकडा तपासून घ्या.

ज्यांचा ठिपका आधीच पांढरा पडला आहे त्यांच्यासाठी एवढंच: रंगपेशींचा साठा केसांच्या मुळाशी असतो, तिथून त्या पुन्हा वर चढतात. ठिपक्याच्या मध्ये बारीक तपकिरी टिकल्या दिसू लागल्या तर रंग परततो आहे. त्याला महिने लागतात, आणि गोठवण खोल गेली असेल तर तो परतत नाही.